उलटं धरलेलं पुस्तक

अम्नोक नदीवर घोडं चालेल इतका बर्फ होता
तेव्हा ते पुस्तक आलं.
जाताना खोक्यात जिन्सेंग होतं,
येताना वर रेशमाचे तागे, तळाशी हे.
दुभाष्या ग्योंगनं किंमत सांगितली नाही.
"वाचून झालं की जाळ," एवढंच म्हणाला,
खरपुडीचं गरम पाणी प्याला, निघून गेला.

अक्षरं चिनी, ओळखीची.
चित्रं मात्र अशी, की पी वैद्यानं आधी दार लावलं.

(पी हे आडनाव. बोलताना पी म्हणजे रक्त,
लिहिताना मात्र ते अक्षर कातड्याचं.
घराणं पिढ्यान् पिढ्या कातड्यापाशीच थांबलेलं:
मनगटावर तीन बोटं, सुईची टोकं, जिभेचा रंग.)

त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात काळीज म्हणजे
खाली झुकलेली कमळाची कळी,
आणि विचार तिथंच राहत.
इथं विचार उचलून कवटीत नेलेला,
आणि काळजाला चार खोल्या, मधे दारं,
एकाच बाजूला उघडणारी.
कोणी मोजल्या? कोणाच्या?
ठसा कोरणाऱ्याचा हात घसरला असेल तर?

तीन हिवाळ्यांपूर्वी मुलाच्या मनगटावर
त्यानं रात्रभर बोटं ठेवली होती.
बोटांना सगळं कळत होतं.
बोटांना एवढंच कळत होतं.

माणूस उघडून पाहणं म्हणजे
आईबापांनी दिलेलं मोडणं. ते कोणी करत नाही.
पण गुरं उघडणारे आहेत,
शहराची प्रेतं ज्या वेशीतून बाहेर काढतात
तिच्या पलीकडे राहतात,
काळी टोपी घालायची त्यांना मुभा नाही,
आपल्याकडचं पोरगंही त्यांना अरेतुरे करतं.
तो संध्याकाळी गेला. मागं वेस मिटल्याचे
अठ्ठावीस ठोके त्यानं मोजले.
आता पहाटेपर्यंत परतणं नाही.

ऑक्सोए खाटकानं हात तीनदा धुतले,
मग पुस्तक घेतलं.
पाहिलं. मान हलवली. "नाही कळत, धनी."
मग सरळ उलटं फिरवलं,
डोकं खाली, पाय वर,
आणि हसला, आणि हसलो म्हणून घाबरला.
"आमच्याकडं टांगलेलं असतं ना."

उलट्या अक्षरांवरून त्याचं बोट चालत गेलं.
हे फुप्फुस. हे पित्त, फुटलं तर सगळं मांस कडू.
आणि हे. चार. होय, चारच.
बैलाला चार, डुकराला चार,
कुत्र्यालाही, असं बा म्हणायचा.
"धन्यांना ठाऊक नव्हतं?"
त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

वैद्यानं त्या दाराचं चिनी नाव वाचून दाखवलं.
ऑक्सोएनं ते तोंडात घोळवलं आणि सोडून दिलं.
"आम्ही बेडकाचं तोंड म्हणतो.
धुताना वरून पाणी ओता, जातं.
खालून ओता, मिटून घेतं."
मग अंगणातल्या रांजणाकडं बघत, जरा हळू:
"माणसाचंही तसंच असंल, न्हाई का?"

वैद्य काही बोलला नाही.
दिव्याची वात त्यानं स्वतःच पुढं सरकवली.
समासात लिहायला कुंचला ओला केला,
कोणाकडून कळलं ते लिहिलं नाही,
तेवढी जागा मात्र सोडली.
बेडकाच्या तोंडाला शहाणं अक्षर सापडेना.
शेवटी ते त्यानं बायकांच्या लिपीत लिहिलं,
ओबडधोबड, शाळकरी पोरासारखं.
त्या लिपीत त्याच्या हातानं आजवर
एकच कागद लिहिला होता,
माहेरी गेलेल्या बायकोला,
तीन हिवाळ्यांपूर्वी:
लवकर ये. त्याची नाडी
मला नीट लागत नाही.